एका बटणाला तीन टीम

...आणि त्या बटणापायी तीन रात्री डोळ्याला डोळा नाही हो माझ्या! हसू नका. तुम्हाला सांगते, साधं बटण. मोबाइलवर डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द करायचं. दाबलं की वेळ रद्द, संपलं! पण ते बनवणार तीन देशांतली आमची तीन ऑफिसं, आणि कुणी काय करायचं ते ठरवणार कोण? मी! कारण कामाची वाटणी म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. असं मीच मुलाखतीत सांगून बसले होते... कुणी विचारलंही नव्हतं.

तर साहेब म्हणाले, "आपली माणसं जगभर आहेत, मग काम चोवीस तास चाललं पाहिजे! एक टीम झोपली की दुसरी उठली पाहिजे!" मी लगेच रंगीत तक्ता केला. बटण दिसायचं कसं, ते लांबच्या टीमकडे. म्हणजे आम्ही रात्रीची भाजी चिरायला घेतो तेव्हा ज्यांचं ऑफिस उघडतं, ते. दाबल्यावर आत काय घडायचं, ते आमच्याकडे. आणि तपासणी तिसऱ्यांकडे, आमचे दुपारचे डबे उघडतात तेव्हा ते कामावर येतात. काय देखणा तक्ता! डाव्या हातचा मळ!

मग? लांबचे विचारतात, "दाबल्यावर 'नक्की ना?' असं विचारायचं का?" विचारतात तेव्हा आम्ही घरी. सकाळी आम्ही लिहितो, "विचारा की. पण बटण लाल ना?" तोवर ते गाढ झोपलेले. उठल्यावर लिहितात, "लाल? असं कोण म्हणालं?" आणि तपासणीवाले? ते बिचारे रोज नेमाने, अगदी नम्रपणे, "बटण कुठाय?" अकरा दिवस! चोवीस तास काम चालू होतं हो, तक्रार नाही... फक्त पुढे सरकत नव्हतं. शेवटी साहेब गोड आवाजात म्हणाले, "शुक्रवारी दहाला नवा तक्ता दाखवा. नाहीतर वाटणीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ." म्हणजे माझीच वाटणी! आता सांगा, झोप लागेल?

बरं, घरी माझी वाटणी चोख हं. आमची भिंगरी, वय वर्षं सहा. सकाळ नवऱ्याची, दुपार सासूबाईंची, संध्याकाळपासून मी. निरोपांसाठी फ्रिजवर वही. गुरुवारी फ्रिजमधून दूध काढता काढता ती सहज चाळली. सोमवार, नवरा: "हिला शाळेत रिकामा खोका न्यायचाय. केवढा?" खाली सासूबाई: "कशाला हवाय, ते विचारलंत का कुणी?" मंगळवार, मी, माझ्याच वळणदार अक्षरात: "कधीपर्यंत?" बुधवार, नवरा: "आजीला माहीत असेल." खाली सासूबाई: "मला कुठून?"

दूध हातात, फ्रिज उघडा, आणि मी थिजलेली. अहो, हे तर बटण!

भिंगरीला हाक मारली. "बाळा, खोका कधी न्यायचा होता गं?"

"आज."

"मग?"

"नेला की. समोरच्या आजोबांकडे मागितला. ते म्हणाले केवढा, मी म्हटलं एवढा, त्यांनी दिला."

"लगेच?"

"ते एकटेच असतात ना."

तुम्हाला सांगते, तिथल्या तिथे तक्ता फाडला! बटण अख्खं लांबच्या टीमला. दिसणं, आतलं, तपासणं, सगळं एका छपराखाली. शंका आली तर मान वळवून विचारा! आम्हाला दुसरं अख्खं काम, तिसऱ्यांना तिसरं. शुक्रवारी दहाला साहेबांनी तक्ता उलटसुलट पाहिला. "हे सुचलं कसं तुम्हाला?"

"अनुभव, साहेब." मान ताठ! वाटणी माझ्याकडेच राहिली. डाव्या हातचा मळ, म्हटलं नव्हतं का मी?

त्याच तोऱ्यात घरी आले, नवरा आणि सासूबाईंना समोर बसवलं, लेकीला मांडीवर घेतलं आणि जाहीर केलं, "आजपासून भिंगरीचं कुठलंही काम अख्खं एकाच माणसाकडे. बोल बाळा, कुणाकडे?"

तिने आम्हा तिघांना नीट न्याहाळलं... हुबेहूब साहेब! आणि म्हणाली,

"समोरच्या आजोबांकडे."