पाण्याच्या दिवसाची गोळी

(मुलांनो, मनात एक खोली आणा. सोलापुरातली, भवानी पेठेतली. शिलाई मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग, मशीनपाशी हेमावती. तिची सासू गौरम्मा नऊ वर्षांच्या नातीचे, वैष्णवीचे, कपडे पिशवीत कोंबते आहे. दिसलं? आता ऐका.)

हेमावती : ठेवा ती पिशवी खाली. माझी पोरगी दुधनीला जाणार नाही.

गौरम्मा : जानार म्हंजे जानार. काशम्मा हाय की तिची आत्या, सांभाळंल. हितं तू ताटं फेकतीस आन् पोरगी कोपऱ्यात जाऊन बसती.

हेमावती : ताट भिंतीवर फेकलं. तिच्यावर बोट उचललं नाही.

गौरम्मा : आज भिंत, उद्या काय? तुजं जुनं दुखणं परत आलंय, बाई.

हेमावती : जुनं दुखणं मला चांगलं माहीत आहे. तेव्हा राग नव्हता, काहीच नव्हतं, दोन महिने नुसती पडून होते. हे वेगळं आहे! मान वळवली की डोक्यात करंट बसतो. घाम फुटतो, सुईत दोरा ओवता येत नाही. दहा वेळा सांगितलं, ऐकतंय कोण? ओरडले की म्हणता, बिघडली. गप्प बसले तरी तेच!

गौरम्मा : बघ, बघ, कशी अंगावर येतीस.

वैष्णवी : आज्जी, आई रोज नाही ओरडत. नळाला पाणी आलं की दुसऱ्या दिवशी चांगली असते. मग पुढचं पाणी येईपर्यंत बिघडत जाते.

गौरम्मा : नळाचा आन् डोस्क्याचा काय संबंध गं?

वैष्णवी : पाणी भरून झालं की तू तिला गोळी देतेस ना. पाच दिवसांनी एकदा.

हेमावती : डॉक्टरीणबाईंनीच तसं सांगितलंय, बाळ. त्या जुन्या दुखण्याची गोळी आता हळूहळू सोडायचीय. मला ताप होता, तेव्हा आज्जीच विचारून आली. काय हो सासूबाई, सांगितलं ना?

गौरम्मा : कमी करा म्हनल्या की.

हेमावती : कमी म्हणजे कशी? चिठ्ठी कुठं आहे?

गौरम्मा : हाय कुटंतरी.

हेमावती : तुमच्या कमरेच्या पिशवीत आहे. काढा. वैष्णवी, वाच.

वैष्णवी : ‘रोज झोपताना अर्धी गोळी. एक महिना. नंतर दाखवायला या.’ रोज लिहिलंय, आज्जी.

हेमावती : रोज!

गौरम्मा : रोज खाल्ल्यावर सुटंल कशी ती? मी म्हनलं, पान्याच्या दिशी एक आख्खी द्यावी. ध्यानातबी राहती, सुटतीबी लवकर.

हेमावती : मी काय हौद आहे का? एक दिवस भरायचा, चार दिवस कोरडा ठेवायचा? तीन आठवडे मी इथं तडफडतेय, आणि वर माझंच लेकरू माझ्यापासून तोडायला निघालात!

गौरम्मा : वाईट व्हावं म्हनून क्येलं व्हय मी? बाया इचारत्यात, सून अजून गोळ्या खाती का...

हेमावती : त्या बायांच्या डोक्यात करंट बसत नाही! द्या ते गोळ्यांचं पाकीट इकडं. चार दिवसांच्या सगळ्या एकदम घेते, मग बघू कोण बिघडतंय.

वैष्णवी : आई, नको! तू पण आज्जीसारखं मनानंच करतेयस.

हेमावती : मग काय करू? तूच सांग, काय करू मी?

वैष्णवी : थांब, चिठ्ठीवर नंबर आहे... हॅलो, दवाखाना का? मी वैष्णवी, हेमावतीची मुलगी. आईची रोजची गोळी आम्ही पाच दिवसांनी देत होतो. आता कशी द्यायची?... अशा खंडानंच डोक्यात करंट बसतो?... एकदम नको, आजच तिला दाखवायला आणू?... हो, ती इथंच आहे... हो, लई रागावलीय... नाही, माझ्यावर नाही.