सासूबाई, सून आणि सुपरनोड

आजच्या सभेच्या अध्यक्ष प्राचार्य महोदया, व्यासपीठावरचे विभागप्रमुख आणि पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, मागच्या रांगांतून नाश्त्याच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेले विद्यार्थी, आणि सत्कारमूर्ती मॅडम, ज्या घरी माझ्या सासूबाई आहेत,

विभागाच्या वतीने दोन शब्द बोलायला मला सांगितलंय. कुणीतरी मुद्दामच सांगितलंय, मला कळत नाही का? सुनेनं सासूच्या निरोपाला बोलायचं, आणि तेही माइकवरून! अहो, एरवी आमचं माइकशिवायही शेजाऱ्यांना ऐकू जातं.

मॅडमनी जन्मभर सर्किट शिकवलं. मीही त्यांच्याच वर्गात बसून शिकले. पाहुण्यांसाठी थोडक्यात सांगते. तारा जिथे एकत्र येतात तो नोड. तिथे जेवढा प्रवाह येतो तेवढाच बाहेर जातो, हिशेब सोपा. पण दोन नोडच्या मध्ये थेट बॅटरी आली की गाडी अडते. बॅटरी त्या दोघांमधला व्होल्टचा फरक सांगते, पण स्वतःमधून किती प्रवाह जातोय याबद्दल ब्र काढत नाही.

आमच्या घरात ही बॅटरी म्हणजे मॅडमचे चिरंजीव. तिसऱ्या रांगेत, खाली मान घालून बसलेत तेच. आईंचं त्यांच्यामार्फत माझ्याकडे किती येतं आणि माझं आईंकडे किती जातं, हे आजवर कुणाला सुटलेलं नाही.

मग करायचं काय? मॅडम फळ्यावर दोन्ही नोड आणि मधली बॅटरी यांच्याभोवती तुटक रेघेचं एकच वेटोळं काढायच्या. हा सुपरनोड. आत काय चाललंय ते विचारायचं नाही, वेटोळ्यात बाहेरून काय आलं आणि बाहेर काय गेलं एवढंच मांडायचं. मुलं खूश व्हायची आणि दोन्ही नोडना एकच व्होल्टेज देऊन मोकळी व्हायची. की मॅडम खडू आपटायच्या, "एकत्र घेतले म्हणजे एकसारखे झाले का रे? फरकाचं समीकरण कुठंय?"

आता जरा घरचं बोलते. प्राचार्य मॅडम, रागावू नका.

गेल्या महिन्यात आईंनी जाहीर केलं, निवृत्त झाले की मागच्या गल्लीत फ्लॅट घेऊन वेगळी राहणार. का, तर "आपल्या दोघींचं जमत नाही, आणि आता मी दिवसभर घरात." खरंच जमत नाही हो! मी खिडकी उघडते, त्या लावतात. त्या दाराची कडी दोनदा तपासतात, मी एकदाही नाही. आमचे हे मधे बसून पेपर वाचतात, तोही कधीकधी उलटा.

पण आई, एक विचारू? गणित अवघड आहे म्हणून अर्धं सर्किट खोडून टाकायचं, हे तुम्ही कुठल्या वर्गात शिकवलंत? मुलं फरक विसरतात, आणि तुम्ही? तुम्ही फरक तेवढा लक्षात ठेवलात आणि वेटोळं काढायलाच विसरलात. बाहेरून कुणी आजारपण, कुणी अडचण घेऊन आलं, तेव्हा आपण दोघींनी ते एकत्रच झेललंय ना? मला तुमच्यासारखं व्हायचं नाही, तुम्हीही माझ्यासारख्या होऊ नका. पण मला तुम्ही घरात हव्या आहात. सगळ्यांदेखत सांगतेय, कारण घरी सांगायला गेले की खिडकीवरून सुरू होतं.

काय म्हणालात? थांबा, त्यांच्याकडे माइक नाही, मी सांगते. त्या म्हणताहेत, सामानाची गाडी रविवारची ठरवलीय, आता त्या माणसाला नाही म्हणून कोण सांगणार?

मी सांगते, आई. मी सांगते.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि शांतपणे ऐकलंत म्हणून तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. विभागाच्या वतीने बोलायचं राहूनच गेलं, घरचंच बोलत बसले, तेवढं पोटात घाला. आणि कार्यक्रम संपल्यावर आम्हाला जरा लवकर सोडा. गाडीवाल्याला फोन करायचाय.