दिल्लीतला तोंडी प्रश्न

बंदरावर बोटीची वाट बघताना आनंदीबाईंना शेजारी बसलेल्या अनोळखी पोराचा रागच आला. म्हातारा बाप उन्हात उभा, आणि हा हॅटवाला सावलीत ट्रंकेवर बसलेला.

“विसू, दिल्लीला सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत तोंडी काय विचारलंन रे साहेबानं?” म्हाताऱ्यानं विचारलं.

“तुमच्या गावानं कायदा मोडून मीठ केलं, तर आधी कुणाला धराल?”

“मग?”

“म्हटलं, घरचं कुणी असलं तर आधी त्याला. साहेब खूश झाले.”

“अरे, तुझी आई खरंच गेली होती मिठाला.”

“म्हणूनच तुम्ही घरी पोचलात की तिला सांगा, आता उंबरठा ओलांडायचा नाही. माझी नेमणूक अडेल.”

आनंदीबाई उठून पोरासमोर उभ्या राहिल्या.

“मी दोन बुकंही शिकले नाही, पण तुझी परीक्षा मला कळली. साहेबाला आईला धरणारा हवा होता, तो मिळाला. आता बेड्या घालायला स्वतः जा, बापाच्या तोंडी निरोप धाडू नकोस.”