अक्काचं एक बोट

आमच्या अक्काचं आजारपणात अंग लुळं पडलं, एकच बोट हलायचं. मैलूरच्या घरी इंटरनेट घेतल्यावर ती त्या बोटानं ऑनलाइन गेममध्ये दिवसभर लाकडं तोडायची.

यंत्र लावून खेळणारे पकडायला गेमवाले मधीच इंग्रजीत विचारायचे, "माणूस आहात का?" अक्काला इंग्रजी येत न्हाई. तिचं उत्तर गेलं न्हाई, त्यांनी खातं बंद केलं.

मी पुण्याहून त्यांना सगळं कळवलं. उत्तर आलं, "इतका वेळ एकच बटण माणूस दाबत नाही."

अक्कानं फोनवर विचारलं, "काय म्हणले रे?"

माझ्यानं सांगवलं न्हाई. म्हणलो, "गेम सगळ्यांचाच बंद केलाय, अक्का."

ती म्हणाली, "बाकीचे आता दिवसभर काय करतेत रे?"