शंभरातले अठ्ठ्याण्णव

नाही काका, मी सांगायचं नाही — नियमच तसा आहे. डॉक्टरांचा नंबर या मशीनवर तुम्ही एकट्याने काढायचा, मी बाजूला उभं राहून नुसतं लिहून घ्यायचं. मीच बनवलंय हे — म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते सगळं. अगदी सोपं आहे. ते हिरवं — नाही, ते चित्र आहे, बटण खाली. मी काही बोललो नाही हं. नखाने नाही, बोटाने… गेलं बघा परत पहिल्या पानावर. वीस सेकंद हात लागला नाही की त्याला वाटतं, माणूस निघून गेला. वीस कुणी ठरवले? मीच. ऑफिसात सगळ्यांना करायला लावलं, प्रत्येकाचं चार सेकंदांत झालं — सगळे पंचविशीतले, आणि दुखत कुणाचंच काही नव्हतं. तरी पाचपट वेळ दिलाय, दिलदारपणाच म्हणायचा. चष्मा घरी राहिला? असू द्या. अक्षरं बारीक आहेत, कबूल, पण मोठी केली की साहेबांना पडदा गावठी दिसतो — शब्द त्यांचा, माझा नाही. साठीपुढचा एक माणूस, एकच, त्याने मदतीशिवाय नंबर काढून दाखवला की आज मशीनवर साहेबांची सही होते आणि उद्यापासून ती खिडकी बंद. तीच, बाई हाताने चिठ्ठ्या लिहून देतायत ती. बाईंचं काय होणार? ते… ते माझं खातं नाही. सकाळपासून पाच जणांनी हात टेकले, तुम्ही सहावे.

आणि गंमत ऐका — पहिलं पान परत आलं की मशीन धरून चालतं, काम झालं, माणूस खूश. त्यामुळे आकडे झकास आहेत. शंभरातले अठ्ठ्याण्णव समाधानी. आमचे बाबासुद्धा. गेल्या आठवड्यात आले होते इथे, मला न सांगता, छातीत दुखत होतं म्हणून. घरी येऊन म्हणाले, फार गर्दी होती रे. गर्दी कसली — मी नोंद काढून पाहिली, त्या वेळेला एकच माणूस, तीनदा उभा राहिला, तीनदा वीस सेकंद. तिन्ही वेळा समाधानी. आता वर तिसऱ्या मजल्यावर आहेत, नळ्या लावल्यात, बोलत नाहीत… थांबा, दाबू नका. हात काढा काका. तुम्हाला काय होतंय? दम लागतो? मग माझं काय ऐकत बसलात — खिडकीवर जा, बाई आहेत अजून. लिहितो मी, नापास. तुम्ही नव्हे हो. जा.