चुप बसलं तरी पॅकेट जातं

…आणि तेवढ्यात कट! तुम्हाला सांगते, बरोबर तिसऱ्या मिनिटाला! जेवण विचारून झालं, तब्येत विचारून झाली, आता मुद्द्याचं बोलावं म्हटलं की कानात नुसतं सुंऽऽ… आणि मी त्या केबिनमध्ये वेड्यासारखी, "हॅलो? येतोय का आवाज?"

आमचे हे गल्फला. दर रविवारी विठ्ठलवाडीहून पोराला कडेवर घेऊन कॅम्प चारच्या बाजारात, टेकचंदभाईच्या सायबर कॅफेत, इंटरनेटवरून स्वस्तात बोलायला. मुद्दा काय? तर आमचा विकी तीन वर्षांचा झाला, अजून एक शब्द नाही हो! कान तपासून आणू म्हटलं तर सासूबाई, "काही नको! ह्याचा बाप, आमचा राजरत्न, पण चौथ्या वर्षी बोलला, आता थांबतो का?" ह्यांनी आईला सांगितलं तरच काहीतरी होणार. पण सासूबाई केबिनमध्ये मांडीला मांडी लावून! तीन मिनिटांतली अडीच त्यांची, उरलेल्यात मी काय बोलणार, तेही त्यांच्यासमोर? "हॅलो? येतोय का आवाज?" एवढंच.

शेवटी टेकचंदभाईंना विचारलं. "देखो भाभी, उधर नेट पे बात करना मना है. उधर की फोन कंपनी पकडती है." मी घाबरलेच! आमचं ऐकतात? "ना साईं! आवाज ताले में जाता है, कोई सुन नहीं सकता. चाल से पहचानती है. बाजू में जीन्स का कारखाना है ना? शटर बंद, फिर भी मालूम पडता है ना, सीधी सिलाई चालू है के काज? वैसाच! नेट पे सब टुकडे-टुकडे, पॅकेट बन के जाता है. फोटो के पॅकेट मोटे-मोटे, रुक-रुक के. बातचीत के छोटे-छोटे, एक सरीखे, टपटपटप… पकडा, कट!"

म्हणजे बघा! शब्द न ऐकता ओळखतात! अगदी आमच्या सासूबाई! दार लावून कुजबुजले तरी बाहेरून, "आईला लावलायस वाटतं फोन?"

मी सातवी शिकलेली, पण डोकं चालवलं. परवा पौर्णिमेला सासूबाई विहारात वंदनेला, मी ह्यांना मिस कॉल देऊन सरळ कॅफेत. ठरवलं, असं बोलायचं की कंपनीला फोटोच वाटला पाहिजे! "अहो…" मनात दहा मोजले. "विकीचे कान…" परत दहा. तिकडून हे, "हॅलो? येतोय का आवाज?" आता मोजू का उत्तर देऊ? "अगं बोल ना! आई आहे का शेजारी?" मी मान हलवली, नाही म्हणून. मान! फोनवर! सात, आठ, नऊ… कट.

बाहेर टेकचंदभाई पोट धरून, "भाभी, चुप बैठो तो भी पॅकेट जाता है! चुप का भी पॅकेट!"

हे आधी नाही सांगायचं? आणि काय हो, पाच वर्षं त्या घरात चुपच बसलेय, एक तरी पॅकेट पोचलं का कुणाला?

डोळे पुसतेय तोवर विकीनं हेडफोन ओढला, उलटा डोक्यावर चढवला आणि स्वच्छ, खणखणीत, "हॅलो? येतोय का आवाज?"

बोलला! अहो, बोलला! तोही बंद लाईनवर! मी किंचाळले, "ऐकलंत का?" कोण ऐकणार?

घरी सासूबाई, "बघ! म्हटलं नव्हतं?" संपलं, डॉक्टर कायमचा रद्द. आता पोरगं दिवसभर तेवढंच बोलतं, दुसरं अक्षर नाही. ताटाला, मांजराला, आजीला, "हॅलो? येतोय का आवाज?"

येतोय रे राजा, तुझा येतोय. माझाच तेवढा अजून कुठं पोचत नाही.