जंगलापासून अर्धा किलोमीटर

अर्धा किलोमीटर! अर्धा किलोमीटर म्हणजे किती असतंय हो? तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा. मी चौथीला शाळा सोडली, मला किलोमीटर कळत न्हाई असं धरा, पण निलंग्याच्या स्टँडापासून माझं घर अर्धा किलोमीटर हाय आन् मी ते तंबाखू मळत जातो, तंबाखू दाढंला लावायच्या आत दारात उभा असतो! मग ह्या लोकांचा अर्धा किलोमीटर अठ्ठेचाळीस किलोमीटरचा कसा काय होतो? आं? ... सांगतो, सगळं सांगतो. बसा. हाव, तू बी बस, उभं राहून ऐकू नको, मला भाषण करून राहिल्यासारखं वाटतंय.

तुम्हाला सांगतो, हे सगळं सुरू झालं ते वाघापासून न्हाई, वाघाच्या बुडापासून. हसू नका! माझा धाकटा भाऊ शिवलिंग. आमची दोघांची घरं शेजारी, मधी एक भिंत. त्याची बायको केवळाबाई, म्हणजे आमच्या शिवगंगेची जाऊ. आन् शिवगंगा म्हणजे माझी मंडळी, शेहेचाळीस वर्षं झाली. तर मागच्या साली शिवलिंग आन् केवळाबाई तिकडं चंद्रपूरच्या अंगाला जंगलात गेले आन् वाघ बघून आले. बघितला तर बघितला, खुशाल बघा, मला काय! पण त्याचा ह्याऽऽ एवढा फोटू करून, त्याला काच बसवून, बैठकीत लावला की हो! आन् फोटूत काय? वाघाचं बूड. निस्तं बूड आन् शेपटी. तोंड सगळं झाडीत. पण केवळाबाई आल्यागेल्याला कसं सांगती माहीत हाय का... ती जरा नाकात बोलती... "काय सांगू बाई, असं वळून बघितलं आमच्याकडं, डोळ्यात डोळं घालून!" आरं, बुडाला डोळं असतात का?

वर्षभर हे भिंतीपलीकडून ऐकलं आमच्या शिवगंगेनं. हळदीकुंकवाला वाघ. बारशाला वाघ. एकाच्या दहाव्याला गेलो तर तिथं बी वाघ! आन् एक दिवस मला जेवायला वाढता वाढता शिवगंगा म्हणली, "मला बी वाघ बघायचाय." बस. एवढंच. शेहेचाळीस वर्षांत ह्या बाईनं माझ्याकडं चार गोष्टी मागितल्या असतील, त्यातल्या तीन मिक्सरच्या. घास तसाच हातात राहिला माझा. म्हणलो, दाखवतो. वाघाचं तोंड दाखवतो तुला!

पण तिची एक अट होती. आता आमच्यात लिंगपूजा असती. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, पूजा करायची, मगच तोंडात पाण्याचा थेंब. शिवगंगेचं ह्यात लई कडक. आन् केवळाबाईचं काय झालं होतं, त्यांचं लॉज होतं जंगलापासून अठरा किलोमीटर! मग पहाटं अंधारात पळावं लागलं, पूजा राहिली, आन् गेटावर तिनं चहा पिला. पूजेच्या आधी चहा! तिच्याच तोंडून निघून गेलं कधीतरी, आन् आमच्या हिनं ते धरून ठेवलं. मला म्हणली, "वाघासाठी मी शिवाला मागं ठेवणार न्हाई. पूजा करून जायाचं. जवळची जागा बघा."

जवळची जागा! आता हे काम माझ्यावर आलं. अठराच्या आत जिथं मिळंल तिथं.

गेलो लातूरला. माझा पोरगा वीरेश तिथं डाळमिलीत हाय, त्याला घेतलं, एजंटाकडं गेलो. लातुरात ती पोरांना डाक्टर करायच्या क्लासांची लाईन हाय का न्हाई, एकावर एक पाट्या, त्या पाट्यांमधी ह्याची पाटी, वाघाचं तोंड काढलेली. आत एक माणूस, गळ्याला टाय, उकाड्यात! गोड बोलणारा. "या अप्पा, बसा अप्पा, ही बघा जागा, पोहायला तळं हाय." म्हणलो, मला बुडायचं न्हाई, जंगल किती लांब? "सात किलोमीटर." नको. "ही बघा, जेवण एक नंबर, तीन किलोमीटर." नको! वीरेश म्हणतोय, "अप्पा, तीन म्हणजे जवळच की." म्हणलो, तू गप. मग त्यानं ते माऊस का काय ते खाली केलं, वर केलं, आन् म्हणला, "अप्पा, मग ही घ्या. जंगलापासून अर्धा किलोमीटर!"

अर्धा किलोमीटर! माझ्या तर अंगावर मूठभर मांस चढलं. फोटू दाखवला त्यानं. खोल्या, खोल्यांच्या मागं तारंचं कुंपण, कुंपणाच्या खाली नाला, आन् नाल्यापलीकडं जंगलच जंगल. आता मी जन्मभर रानात गेलेला माणूस. माझ्या बांधाला तुमचा बांध लागला म्हणजे आपण शेजारी का न्हाई? शेजाऱ्याच्या रानात जायला मला सडक लागती का? टांग टाकली की पलीकडं! मी म्हणलो, हीच. हीच घ्या. केवळाबाईचं अठरा, आमचं अर्धा, आता बोल म्हणावं!

तेवढ्यात आमचा वीरेश, शिकलेला ना तो, मधी तोंड घातलंच... "अप्पा, गेट कोणतं ते बघून लॉज घ्यावं लागतंय. जंगलाला चार-पाच गेटं असतात." मी म्हणलो, "आरं येड्या, आपल्याला गेट बघायचंय का वाघ?" एजंट हसला. वीरेशनं त्याच्या मोबाईलवर, ज्या गेटाला जागा होती, तिथली सफारी घेतली. एकच मिळाली. एका सकाळची. महिनाभर दुसरी जागा न्हाई. मी म्हणलो एक बस झाली, वाघ काय दोनदा बघायचाय का?

गेलो. मी, शिवगंगा, वीरेश आन् सून मंजुश्री. नांदेड गेलं, भोकर गेलं, गाडीत बसून बसून पाय सुजले, सांज झाली तवा पोचलो. आन् खरं सांगतो, जंगल होतं! फोटूत होतं तसंच, खोलीच्या मागं. शिवगंगेनं कुंपणाला हात लावून बघितला, पलीकडं बघितलं आन् म्हणली, "लई जवळ हाय की हो." मला जरा बरं वाटलं. छाती फुगली म्हणा. खाऊन पडलो.

पहाटं उठली बाई. आंघोळ केली. खोलीच्या मागच्या ओट्यावर, जंगलाकडं तोंड करून, चादर टाकून पूजेला बसली. मी बी टोपी घालून तयार. निवांत! सहाला गेट उघडतंय, अर्धा किलोमीटर जायाचं, चालत गेलो तरी आधी पोचू. तेवढ्यात लॉजचा मॅनेजर आला, कानाला मफलर गुंडाळून. तिकडची बोली निराळी, गोड असती ऐकायला... "काका, तुम्ही अजून इथंच का जी?" म्हणलो, मग कुठं जाऊ? "अजी, तुमची सफारी तं त्या बाजूच्या गेटातून हाय ना! फिरून जा लागते. अठ्ठेचाळीस किलोमीटर."

अठ्ठेचाळीस!

म्हणलो, "तुम्ही म्हणलात अर्धा किलोमीटर!" "जंगल अर्धा किलोमीटर हाय ना काका. गेट नाही." म्हणलो, "जंगल समोर दिसून राहिलं मला! हे काय, नाल्याच्या पलीकडं! मी ही तार वाकवतो आन् जातो!" म्हणला, "जाऊ नका काका, फॉरेस्टवाले धरतील." म्हणजे बघा, माझा शेजारी, माझ्या बांधाला लागून, आन् त्याच्या घरी जायला मी तालुका फिरून जायाचं? हे कोणचं राज्य हो? वीरेशकडं बघितलं तर तो मान खाली घालून गाडीची किल्ली फिरवतोय. म्हणलो, बोल ना! म्हणला, "मी लातूरलाच म्हणलो होतो अप्पा. तुम्ही म्हणलात, गेट बघायचंय का वाघ." ... असं असतंय आजकालच्या पोरांचं. आपलंच वाक्य आपल्यालाच!

मी पळत ओट्याकडं. म्हणलो, "शिवगंगे, ऊठ! अठ्ठेचाळीस किलोमीटर जायाचंय, आत्ताच्या आत्ता!" तिच्या तळहातावर लिंग. कपाळाला भस्म. ती हलंना. डोळं उघडून निस्तं माझ्याकडं बघितलं. म्हणलो, आगं गाडीत कर पूजा! हे तोंडातून गेलं आन् मलाच लाज वाटली. ती हळूच म्हणली, "तुम्ही जावा. माझं काय न्हाई. बघून या आन् मला सांगा कसा असतोय."

सांगा कसा असतोय... ज्या बाईसाठी आलो तीच मागं, आन् मी गाडीत! सगळ्या वाटंनं मी एजंटाला शिव्या दिल्या. सून म्हणली, "मामंजी, पाणी प्या." म्हणलो, नको. तिची पूजा झाली का न्हाई कोणाला मालूम, मी कसा पिऊ?

उशिरानं पोचलो. जिप्सीवाला तोंड वाकडं करून उभा. बसलो. आन् तो गाईड! "शांत बसा काका." मी शांतच होतो! मी निस्तं विचारलं वाघ कुठंय. "हे बघा, पायाचे ठसे." बघितले. "हे झाड बघा, नखं घासली." बघितलं. आरं, मी काय ठसे बघायला आलो का? ठसे तर आमच्या गल्लीत कुत्र्याचे बी हायत. मग एका पाणवठ्यावर गाडी उभी केली आन् म्हणतो, "साडेसहाला इथंच बसली होती वाघीण. तुम्हाला उशीर झाला ना जी." म्हणलो, उशीर मला न्हाई झाला, अर्ध्या किलोमीटरला झाला!

दिसलं काय? हरीण. ह्या वळणाला हरीण, त्या वळणाला हरीण. एक मोर. परत हरीण. चार तास! मी मनात जुळवाजुळव करून राहिलो, शिवगंगेला काय सांगायचं. खोटं सांगावं का? वाघ दिसला, असा होता, तसा होता... पण तिच्यापुढं मला खोटं जमत न्हाई, कान लाल होतात माझे. आन् निलंग्याला गेल्यावर केवळाबाई भिंतीवरून विचारणार, "काय अक्का, दिसला का?" आन् ही काय म्हणणार? मी लॉजवर बसले होते?

उन्हं चढल्यावर परत आलो. गाडीतून उतरतोय तर लॉजची सगळी माणसं ओट्यापाशी गोळा! आचारी, झाडणारा, पाणी भरणारा. म्हणलो, काय झालं हिला? धोतर आवरत पळालो. तर मधी शिवगंगा खुर्चीवर बसलेली, कधी न्हाई ते बशीत चहा, आन् मॅनेजर हात जोडून म्हणतोय, "आजी, तुम्ही देवमाणूस आहा जी!"

म्हणलो, काय झालं?

"काही न्हाई," शिवगंगा म्हणली, "तो आला होता."

कोण?

"तोच."

पूजा चालू होती तिची. उजाडत होतं. खालून पाण्याचा आवाज आला म्हणून डोळं उघडले, तर नाल्यावर वाघ, पाणी पिऊन राहिला! कुंपणाच्या त्या अंगाला. समोर. तोंड हिच्याकडं. मी म्हणलो, आगं मग ओरडायचं! माणसं बोलवायची! पळायचं! तर मला म्हणली, "कसं ओरडू? तळहातावर लिंग होतं. पूजा मोडायची का?" म्हणून बसली. तशीच. तो बी पाणी पिऊन तिथंच बसला. जिभंनं मिशा पुसल्या त्यानं. मंत्र पुरा केला हिनं, लिंग करंड्यात घातलं, मग तो उठला आन् गेला. मॅनेजर कोपऱ्यावर उभा होता, त्यानं शेवटचं तेवढं बघितलं, खिशातला मोबाईल काढायचं बी सुचलं न्हाई त्याला.

आन् मग तो माणूस, तुम्हाला सांगतो, माझ्याकडं वळून, हसून, दात काढून मला म्हणतो... "बघा काका! आम्ही खोटं बोललो का? अर्धा किलोमीटर बी नाही, वीस पावलं!"

मी ओट्यापासून नाल्यापर्यंत नजरंनं पावलं मोजली. आं? वीस बी भरली न्हाईत!

घरी येताना म्हणलो, आता मजा हाय. आता भिंतीवर लढाई होणार. फोटू तर न्हाई आपल्याकडं. केवळाबाई म्हणणार, खोटं! मी सगळी तयारी केली, तिच्या चहाचं बी काढायचं, बुडाचं बी काढायचं, सगळं गाडीत पाठ केलं. पोचलो. बॅगा उतरवायच्या आत केवळाबाई भिंतीपाशी. "काय अक्का, दिसला का?"

"दिसला."

"तोंड?"

"तोंडच. पाणी पीत होता. मिशा वल्ल्या झाल्या होत्या."

मी पुढं सरकलो, तोंड उघडणार, तेवढ्यात केवळाबाईनं भिंतीवर हनुवटी टेकली. मग आवाज खाली आणून म्हणली, "आम्हाला तर निस्तं मागचंच दिसलं, अक्का. वळला न्हाईच तो."

आन् आमची शिवगंगा... मला वाटलं आता ही चहा काढणार, वर्षभर धरून ठेवलेला! तर म्हणती कशी, "मागनं बी लई मोठा दिसतोय गं. ये इकडं, सांगते."

झालं! तवापासून दोघी एका ओट्यावर. सकाळी वाघ, दुपारी वाघ. शिवलिंग बी जाऊन बसतोय त्यांच्यात, त्यानं बी बूड बघितलंय ना, त्याला हक्क हाय. मी गेलो की तिघं एकदम गप होतात. परवा मी म्हणलो, "वाघ पाण्यावर आला म्हणजे तहान असती त्याला..." तर केवळाबाई म्हणली, "भाऊजी, तुम्ही राहू द्या. तुम्हाला काय दिसलं होतं?"

म्हणलो, हरीण.

बरं असतंय पण, हरीण बी. कान लई हलवतंय.